सोफा बसणाऱ्याच्या मापाने घ्या, आणि बाबांची सायकल भंगारात घालू नका

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पुण्यात नवीन फ्लॅटमध्ये आई-बाबांसाठी आरामदायी सोफा कोणता आणि कुठून घ्यावा, ही एक. आणि बाबांच्या जुन्या 28 इंची रॅले सायकलचे पार्ट जुन्यात कुठे मिळतील, की ती सरळ भंगारात द्यावी, ही दुसरी.

भंगारात देऊ नका. बाकीचं नंतर, पण हे आधी सांगते. आमच्या घरात हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहिले होते आणि सोफ्याला जागा हवी म्हणून सायकल काढायची, असं माझ्या थोरल्या भावाने बंगळुरात बसून ठरवून टाकलं होतं.

आमचे बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते. कसब्यातून वाकडेवाडीमार्गे खडकी, पाऊस असो की ऊन, सायकलवर. त्यांची रॅले इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची आहे. त्यांनी घेतली तेव्हाही ती सेकंडहँडच होती. शाळेत सोडताना मी पुढच्या दांडीवर आणि दादा मागे कॅरिअरवर, म्हणजे त्या सायकलवर त्याचाही तेवढाच हक्क आहे, हे त्याने विसरू नये. रविवारी सकाळी ती अंगणात उलटी व्हायची. मागच्या हबला एक बारीकसं झाकण आहे, ते नखाने उघडून आत तेलाचे थेंब सोडायचे, हे काम माझं. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आहे तो. त्याच्या अंगावर 'एडब्ल्यू' आणि शेजारी वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात. तुमच्या सायकलला गिअर असेल तर तिथली वंगणाची पुटं रॉकेलने पुसून बघा, हब कधीचा आहे ते कळेल.

गुडघे गेल्यावर बाबा माझ्याकडे कोथरूडला राहायला आले, सायकलही आली आणि पॅसेजमध्ये उभी राहिली. दादाने त्यांच्यासाठी ऑनलाइन सोफा मागवला. एल शेपचा, करड्या रंगाचा, फोटोत फार सुंदर दिसणारा. सीट जमिनीपासून जेमतेम 15 इंच उंच आणि आत 27 इंच खोल. बाबांची उंची पाच फूट चार. टेकून बसले की पाय अधांतरी, पाय टेकवले की पाठीमागे वीतभर पोकळी. आणि उठायचं कसं? हात कशावर देणार? बाजूचा हात त्यांच्यापासून लांब, शिवाय गुबगुबीत, जोर दिला की दबणारा. फोम इतका मऊ की माणूस आत रुततो. दोघांनी दोन बाजूंनी धरून उठवावं लागायचं. चाळीस वर्षं लोखंड घासलेल्या माणसाला दिवाणखान्यात बसायला उठायला माणसं लागावीत, याचं त्यांना काय वाटत असेल ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते डायनिंगच्या खुर्चीवर बसायला लागले. पेपर तिथे, चहा तिथे, बातम्याही तिथून मान वाकडी करून. मी फोन केला तर दादा म्हणाला, "सवय होईल त्यांना."

गुडघ्यांना सवय होत नसते. सोफा हा चपलेसारखा मापाने घ्यायचा असतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दुकानाचं नाव विचारू नका, टेप घ्या. तुमचे आई-बाबा घरातल्या ज्या खुर्चीवरून कुणाचा हात न धरता उठतात, तिची उंची मोजा. बहुतेक 17-18 इंच भरेल. सोफ्याची सीट तेवढीच हवी, आणि तीही माणूस बसल्यावर दबून. सीट आत इतकीच खोल हवी की पाठ टेकली असताना गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जावीत.  हात कडक हवेत आणि ते सीटच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, कारण उठताना जोर तिथेच लागतो. आई-बाबांना दुकानात घेऊन जा. दोन मिनिटं टेकून "छान आहे" म्हणू देऊ नका, चांगले अर्धा तास बसवा आणि मग तुमचा हात न धरता उठायला सांगा.

फोमबद्दल दुकानदार "हाय डेन्सिटी" म्हणतो आणि विषय संपवतो. आकडा विचारा. 32 डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 32 किलो, 40 म्हणजे 40 किलो. जास्त डेन्सिटीचा फोम लवकर दबत नाही, खड्डा पडत नाही. पण डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हे विक्रेत्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. 40 डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो. रोज बसायच्या सीटला 40 घ्या, पाठीला 32 किंवा त्याहून कमी चालेल. गादीला चेन असते ती उघडून आत बघा. कचऱ्यातले तुकडे चिकटवलेला रंगीबेरंगी रिबॉन्डेड फोम खाली आधाराला ठीक, पण वरपर्यंत तोच भरला असेल तर दगडावर बसल्यासारखं होईल. मग सोफ्याचा पुढचा एक पाय उचला. थोडासा उचलताच दुसराही पाय जमिनीवरून सुटला तर सांगाडा घट्ट आहे. एक पाय बराच वर आला तरी दुसरा खालीच, तर सांगाडा पिळवटतोय, घेऊ नका. आणि ते लेदरेट नको. काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघायला लागतात आणि आपल्या उन्हाळ्यात घामाने पाठीला चिकटतं ते वेगळंच.

माझं स्पष्ट मत: दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एल शेप घेऊच नये. कोपऱ्यात कुणी बसत नाही, तिथे घडी न घातलेले कपडे बसतात. आम्ही शेवटी कसब्यातल्या घरचा सागवानी सोफा माळ्यावरून काढला, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणून सुताराकडून पायांना जोड दिला आणि गाद्या नव्या करून घेतल्या. बाबा आता त्याच्यावर बसतात आणि एकटे उठतात. तुमच्याकडे जुना लाकडी सांगाडा असेल तर नव्याच्या मागे लागू नका.

आता सायकल.

एल शेपचा तो लांब भाग पॅसेजच्या तोंडाशी येत होता, म्हणून दादाचं म्हणणं, "भंगारवाल्याला बोलाव. चालत नाही, पार्ट मिळत नाहीत, कशाला ठेवायची? पाहिजे तर नवीन गिअरची घेऊन देतो." चालत नव्हती हे खरं. पायडल मारलं की क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, डगडगायची आणि आत बी.बी.मध्ये, म्हणजे क्रँकचा आस फिरतो त्या फ्रेमच्या नळीत, कडकड वाजायचं. मी ती जवळच्या दुकानात नेली, बाबाही हट्टाने रिक्षातून आले. तिथला मुलगा म्हणाला, "याचे पार्ट येत नाहीत मावशी, नवीन सेट टाकून देतो," आणि त्याने बी.बी.ची जुनी डावी वाटी, म्हणजे छर्रे जिच्यात फिरतात ती आट्यांची चकती, काढून नवी बसवायला घेतली. दोन फेरे गेली आणि अडकली. त्याने मोठा पाना लावला तसे बाबा स्टुलावरून ओरडले, "थांब! आटे वेगळे आहेत."

घरी येऊन त्यांनी आपल्या हत्यारांच्या डब्यातून आटे मोजायचं गेज काढलं. पंख्यासारखी उघडणारी पोलादी पाती असतात, प्रत्येकावर आकडा. जुन्या वाटीवर 24 चं पातं धरलं तर मधून उजेड दिसत होता. 26 चं पातं दातांत दात बसल्यासारखं बसलं. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या वाट्यांना इंचात 24 आटे, आणि रॅलेने आपल्या कारखान्यात स्वतःचे 26 ठेवलेले. त्या मुलाने जोर केला असता तर फ्रेमचे आटे कायमचे गेले असते. रॅलेवाल्यांना "पार्ट येत नाहीत" हे ऐकवलं जातं त्यामागे बहुतेकदा हेच असतं: पार्ट असतो, तो कुठला लागतो हे कुणी मोजलेलं नसतं.

मग आम्ही जुना बाजार गाठला. मंगळवार पेठेत, रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी जा, दुपारी माल उपसलेला असतो. ताडपत्रीवर कोन, वाट्या, एक्सल, पायडल, घंट्या यांचे ढीग लावून लोक बसलेले असतात. तिथे गेज घेऊन वाकत बसायचं कारण नाही, आपली जुनी लॉक रिंग खिशात ठेवा. डाव्या वाटीवर बाहेरून फिरते ती खाचांची चकती. ढिगातली वाटी उचलायची आणि रिंग बोटांनी फिरवून बघायची. बोटाने सरसर फिरली तर आटे जुळले. जरा जरी अडली तर ठेवून द्यायची, विक्रेता काहीही म्हणो. ही युक्ती बाबांची.

सुट्या ढिगात मला वाटी मिळाली नाही. मिळाली ती एका गंजलेल्या, चाकं नसलेल्या फ्रेममध्ये. हँडलखाली बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला होता, त्यावरून ओळखलं की रॅले आहे. वरून सगळी तांबारलेली, पण वाटी सोडवल्यावर आतला भाग आरशासारखा, कारण ग्रीस तसंच्या तसं राहिलं होतं. विकणाऱ्याला ती वजनावरच द्यायची होती. त्यात मला चेनव्हील, क्रँक आणि मडगार्डचे गजही आले. म्हणून सांगते, सुटा पार्ट शोधत फिरण्यापेक्षा तुमच्याच कंपनीची मेलेली सायकल अख्खी शोधा. पेठांमधल्या भंगारवाल्यांना सांगून ठेवा, जुन्या वाड्यांच्या पाडकामात अशा सायकली निघतात. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथेही एकदा बाबांना घेऊन जा. जुन्या सायकली मूळच्या कशा असतात ते नीट बघायला मिळेल.

जोडणी बाबांनी बसल्या बसल्या केली. परातीत ग्रीस, त्यात पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा. त्यांची बोटं आता थरथरतात, पण छर्रा ग्रीसमध्ये टेकवताना थरथरली नाहीत. छर्रे नवेच घ्या, जुने कितीही चकचकीत दिसले तरी. क्रँक आसाला घट्ट धरणाऱ्या कॉटर पिनाही नव्या, आणि जुनी पिन सोबत नेऊन जाडी जुळवून. जुनी काढताना नट पूर्ण काढू नका, टोकाशी ठेवा आणि क्रँकला खालून भक्कम टेकू देऊन मगच हातोडी मारा. टेकू नसला की सगळा मार छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो. उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, गरज नसेल तर तिला हात लावू नका.

ती सायकल आता मी चालवते, मंडईला आणि कर्वे पुतळ्यापर्यंत. दादा म्हणाला होता त्या गिअरच्या सायकलीला मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही. सलवार घातलेल्या बाईने ती कशी चालवायची, भाजीची पिशवी कुठे ठेवायची, याचा विचार तिच्यात नाही. बाबांच्या सायकलीत तो आहे.

आता ज्या गोष्टी सांगायच्या राहिल्या त्या. दादाचा हेतू वाईट नव्हता, त्याने पैसे खर्च केले आणि मनापासून केले. त्याने बाबांना विचारलं असतं तर एवढं सगळं झालंच नसतं, माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे. तुमच्या सायकलीच्या फ्रेमला जोडापाशी तडा असेल किंवा पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला असेल तर मात्र ती रस्त्यावर काढू नका, भिंतीला लावा. रॅले इंग्लंडची नसून आपल्याकडच्या आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्याची असेल तर माझे आकडे धरून चालू नका, स्वतः मोजा. आणि जुन्या बाजारात अख्खी चालू सायकल स्वस्तात मिळाली तर फ्रेमचा नंबर लिहून विकणाऱ्याकडून पावती घ्या, पावती देत नसेल तर सोडून द्या, चोरीची असू शकते.

टायर-ट्यूब जुन्यात शोधू नका. 28 इंचीचे टायर आपल्याकडे अजून नवे तयार होतात. दुकानदाराने "अठ्ठावीसचाच आहे" म्हणून 700 सी चा टायर पुढे केला तर घेऊ नका. त्याचा आतला व्यास 622 मिलिमीटर, तुमच्या 28 बाय दीड रिमला 635 लागतो. टायरच्या कडेला बारीक अक्षरात 40-635 असं छापलेलं असतं, ते वाचून मगच पैसे द्या.