आधी त्याची रिकीब बघा, मग त्याची भीती

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची मीच आठवले. तुम्हाला लहानपणी घोड्यांचं वेड, म्हणून हौसेने सात वर्षांच्या लेकाला राइडिंगला घातलंत, आणि दोनच तासांनंतर तो गेटपाशी रडायला लागलाय. विचारताय, थोडी जबरदस्ती करू का? नका करू. (मी प्रशिक्षक नाही, मानसतज्ज्ञ तर नाहीच. हात पोळलेली आई आहे, तेवढ्यापुरतं घ्या.)

हेल्मेट वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. आमचं घोडं अडलं ते रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत. लेक साडेसहाची. ऑफिसात फोन करून विचारलं होतं, "लहान घोडा आहे ना?" "पोनी आहे, मॅडम." खोटं नव्हतं ते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमात खांद्यापाशी १४८ सेंमीपर्यंत उंचीचं घोडं पोनीतच मोडतं. माझी लेक तेव्हा ११६ सेंमी! वर बसवलं, वाद्या (रिकीब ज्यांना लटकते ते चामडी पट्टे) शेवटच्या भोकापर्यंत आखूड केल्या, तरी पाय रिकिबीला पोचेनात. मग शिकवणाऱ्याने तिचे बूट रिकिबीच्या वर, वादीच्याच फटीत खुपसले. "आता बसेल घट्ट."

मला कळत होतं हो. पडताना पाय सुटला पाहिजे, वादीत अडकला तर घोडा फरफटत नेतो, हे मला लहानपणी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी गप्प राहिले, कारण मी फोटो काढत होते. कित्येक वर्षं मनात जपलेला फोटो.

घोड्याची काही चूक नाही. माशी बसली म्हणून त्याने मान झटक्यात खाली घातली. लगाम लेकीच्या मुठीत, ती त्याबरोबर ओढली जाऊन मानेवर आपटली, डावा पाय वादीत पिळलेला. घोडं जागचं हललं नाही म्हणून निभावलं. आणि मी काय म्हणावं? "काही झालं नाही गं, नीट बस." ते वाक्य अजून छळतं.

फी वर्षाची भरलेली. लहान घोडा येईपर्यंत तास पुढे ढकला एवढंच मागणं होतं. आधी 'सर नाहीत', मग 'मेल करा', मग 'लेखी द्या', शेवटी माझ्याच सहीचा फॉर्म माझ्यापुढे. जाऊ दे. नाव लिहीत नाही, पण फी महिन्याच्या वर एकदम भरू नका.

पुढे दीड वर्ष तिने बसायचं नाव काढलं नाही. मी दुसऱ्या तबेल्यात जायचे, ती कंटाळत सोबत. एक दिवस तिथल्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, तिच्या हातात खरारा दिला, घोड्याचं अंग घासायचा. गोल गोल फिरवला तशी केसांच्या मुळाची धूळ वर आली, आणि घोडीने डोळे अर्धे मिटून खालचा ओठ लोंबता सोडला. लेक तासभर तिथून हलली नाही. मला त्या वयात दौड हवी होती, हिला तो लोंबता ओठ पुरला. आता तीच मला बजावते: आई, शेपटीमागून जाऊ नकोस, तिथलं तिला दिसत नाही. खांद्याकडून ये, बोलत ये. कान मागे चिकटले की थांब.

तेव्हा महिनाभर खोगीर विसरा, लेकाला खरारा करू द्या. बसेन म्हणाला तर मुलांच्या मापाच्या वाद्या मागा. एका बाजूला रबर असलेल्या रिकिबी मिळतात, पडताना रबर सुटून पाय मोकळा होतो. मापाचं काही नसेल तर त्या दिवशी सरळ घरी या. कुणी हसेल, हसू दे.

आणि राइडिंगचे महागडे बूट आत्ताच घेऊ नका. थोडी टाच असलेला, सपाट तळाचा साधा बूट चालतो. टाच हवीच, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो. आमचे बूट त्या एका दिवसानंतर खोक्यातच राहिले. बाहेर काढले तेव्हा लेकीला दोन नंबर लहान झाले होते.