गावातल्या जुन्या वास्तूचा वापर काळानुसार बदलल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे की! साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर. शके १६४१ ते १६४६ या काळात साताऱ्याच्या राजघराण्यातल्या वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली, तसा शिलालेखच तिथे आहे. मूळ काम आमराईला पाणी पाजण्याचं. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली उतरायचे आणि भरलेली मोट, म्हणजे पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी, वर यायची. एका वेळी बारा मोटा चालत, त्यावरूनच हे नाव. पण मला खरं वेड लावतो तो विहिरीच्या पोटातला छोटा महाल. कोरीव खांब, भर उन्हाळ्यातही गारवा. तिथे साताऱ्याच्या छत्रपतींच्या बैठका होत, असं सांगतात. पुढे मोटा गेल्या. आता लोक बघायला येतात. तुम्हीही जा, फक्त पाण्यात बाटल्या टाकू नका, फार वाईट वाटतं.