उंटावर बसल्यावर मुलाच्या अंगाला खाज सुटली, उंटाचे परजीवी माणसाला होतात का?

तुमचा प्रश्न असा की नाशिकच्या गोदाघाटावर मुलाला उंटावर बसवलं, दुसऱ्या दिवशी मांड्यांवर लाल पुरळ आणि खाज, तर उंटाचे परजीवी माणसात येतात का आणि असे उंट शहरात येऊच द्यावेत का. पहिल्याचं उत्तर, थोडे येतात, बहुतेक येत नाहीत, आणि तुमच्या मुलाला झालंय ते बहुधा त्यातलं सगळ्यात किरकोळ. दुसरा प्रश्न वाचून मात्र माझं डोकं तापलं म्हणून हे टाइप करत बसलोय.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो, नोकरी बरीचशी निफाड-येवल्याकडे, आता रिटायर. कच्छकडचे रबारी मेंढ्या घेऊन आपल्याकडे येतात, शेतकरी खतासाठी त्यांना वावरात बसवतात, आणि त्यांचा सगळा संसार उंटांवर असतो, खाट, भांडी, बारकी पोरं, कोकरं, सगळं. एका वर्षी त्यांच्या एका वाड्यातल्या, म्हणजे मुक्कामातल्या, उंटांना खरूज लागलेली, मानेखाली आणि जांघेत केस गेलेले, कातडं जाड होऊन भेगा पडलेल्या, आणि एक उंटीण वेगळीच, ताप चढायचा उतरायचा, मदार बसलेली, पोटाखाली सूज. गावात बोंब झाली की हे लोक रोग घेऊन आलेत, हाकला यांना. हाकलायचं म्हणणारे तेच, ज्यांनी आदल्या आठवड्यात मेंढ्या बसवून घेतल्या होत्या बरं का.

मी गेलो, खरजेच्या उंटांना आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं दिली, उंटिणीच्या कानाच्या शिरेतून रक्त घेऊन स्लाइड केली, आणि दिसला, रक्तपेशींच्या मधून वळवळत धावणारा ट्रायपॅनोसोमा नावाचा बारीक जंतू. त्याच्यामुळे जनावरांना होणारा ताप म्हणजे सर्रा. गोमाशा चावून एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. हा जंतू १८८० साली डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करातल्या पशुवैद्यकाने घोड्या-उंटांच्या रक्तात शोधला, म्हणजे ढोरांच्या डॉक्टरने, हे मुद्दाम सांगतो, का ते पुढे कळेल. उंटिणीला क्विनापायरामिन दिलं, महिन्याभरात ती परत खाटा वाहायला लागली.

त्या गडबडीत माझ्या दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत खाज आली. यायचीच, खरजेचं जनावर कवेत धरून काम केलं की येते. आणि त्याच आठवड्यात साडूच्या मुलीचा साखरपुडा. साडू आमचा मोठ्या पगाराचा माणूस, मला पहिल्यापासून 'ढोरांचे डॉक्टर' म्हणणारा. त्याने हॉलच्या दारातच माझे हात बघितले आणि आपल्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की भावजींना जरा मागच्या बाजूला बसवा, जेवणाच्या पंगतीत नको, उंटाचा रोग आहे, लहान मुलं आहेत. माझी बायको सख्खी मावशी, तिलासुद्धा मुलीची ओटी भरू दिली नाही. आम्ही न जेवता परत आलो. राहतो कुठे हा माणूस, तर नाशकातल्या उंटवाडीला!

आता खरं काय ते ऐका. उंटाच्या खरजेचा बारीक जीव (माइट) माणसाच्या कातडीत शिरायचा प्रयत्न करतो, खाज देतो, पण त्याला तिथे पिढी वाढवता येत नाही, मरून जातो. त्यामुळे उंटाशी संपर्क तुटला की बहुतेकांची खाज दोनेक आठवड्यांत आपोआप जाते. उंट चालवणाऱ्यांना मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि दूध काढणाऱ्यांना हातांवर जास्त होते, कारण जनावराला लागतो तोच भाग. तुमच्या मुलाच्या मांड्या, जुळतंय ना? माझ्या हातावरनं पंगतीतल्या पोरांना काहीही होणार नव्हतं.

आणि सर्रा? माणसाच्या रक्तात एपोएल-१ नावाचं प्रोटीन असतं, ते या जंतूला फोडून टाकतं. जगात पहिली पक्की केस आपल्याच महाराष्ट्रात झाली, २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यात, गुरं राखणारा शेतकरी, महिनोन्‌महिने चढउतार करणारा ताप. नंतर कळलं की त्याच्या शरीरात ते प्रोटीनच तयार होत नव्हतं. सुरामिन देऊन तो बरा झाला, त्याच्या गावातल्या १८०० च्या वर लोकांचं रक्त तपासलं, जंतू दुसऱ्या कुणातच सापडला नाही. पुढे व्हिएतनाममध्ये एका बाईला झाला, तिचं प्रोटीन नीट होतं, म्हणजे अगदीच अशक्य नाही, पण म्हणून उंट दिसला की पळायचं कारण नाही.

उंटामुळे माणसाचं खरं वाटोळं करू शकतो तो हायडॅटिड. उंटाच्या फुप्फुसात, लिव्हरमध्ये पाण्याने भरलेल्या गाठी होतात, मेंढ्यांतही होतात. पण उंटाला हात लावून ते माणसाला होत नाही. त्या गाठींचं मांस कच्चं कुत्रा खातो, कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतो, विष्ठेतून अंडी पडतात, ती हाताला, भाजीला, कुत्र्याच्या केसांना लागून आपल्या पोटात जातात, आणि वर्षानुवर्षं काहीही न कळता लिव्हरमध्ये नाहीतर फुप्फुसात गाठ वाढत राहते. मग सोनोग्राफी, अल्बेंडाझोल, ऑपरेशन.

आणि आमच्या साडूकडे दांडगा रॉटवायलर आहे, त्याला दर रविवारी खाटकाकडनं आणलेली कच्ची फुप्फुसं आणि लिव्हरचे तुकडे, 'नॅचरल डाएट' म्हणे. तो कुत्रा नातवाचं तोंड चाटतो. शिजवून घाल आणि डॉक्टरच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेलच्या जंताच्या गोळ्या दे, एवढंच मी म्हणत होतो, तर उत्तर काय, माझा कुत्रा स्वच्छ आहे, तुझ्या रबाऱ्यांसारखा नाही. २०२३ च्या मे महिन्यात शंभराहून जास्त उंट चालत नाशकात आले, उन्हाने आणि चालून पार मोडलेले, काही इथेच दगावले, उरलेले राजस्थानला परत गेले, तेव्हाही या माणसाने फॅमिली ग्रुपवर 'उंटांपासून सावधान' टाकलं. मी खाली हायडॅटिडचं सगळं लिहिलं तर मलाच ग्रुपमधून काढलं. त्यामुळे उंटांवर बंदी घाला म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, घरात कुत्रा आहे का आणि त्याला खायला काय घालता.

रबाऱ्यांची कुत्रीही मेलेल्या मेंढीची आतडी-लिव्हर खातात, ते मी नाकारत नाही. त्या वाड्याला मी तेव्हाच खड्डा करून पुरायला लावलं होतं, आणि त्यांनी ऐकलं, शिकलेल्या माणसाने नाही ऐकलं.

हां, दोनतीन गोष्टी राहिल्या. मुलाची खाज तीन आठवड्यांनंतरही असेल, रात्री वाढत असेल किंवा घरातल्या बाकीच्यांनाही सुरू झाली असेल तर ती बहुधा उंटाची नाही, माणसाची खरूज असू शकते, कातडीच्या डॉक्टरकडे जा, सगळ्यांनी एकदम औषध लावावं लागतं. तोपर्यंत त्याचे त्या दिवशीचे कपडे गरम पाण्यात धुवा, जनावरांचं आयव्हरमेक्टिन बिलकूल नको. शुगरसाठी म्हणून रस्त्यावर उंटिणीचं कच्चं दूध मिळतं ते उकळल्याशिवाय पिऊ नका, त्यात परजीवीपेक्षा ब्रुसेला हा बॅक्टेरिया जास्त घातक, पाश्चराइज्ड बाटलीतलं चालेल. आणि उंटावरची गोचीड अंगावर आली तर बोटाने चिरडायची नाही, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, कारण २०११ साली गुजरातमध्ये सापडलेला काँगो ताप मुख्यतः गोचिडीतून येतो. त्यानंतर दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं आधी सांगा, नाहीतर ते डेंग्यूच्या टेस्ट करत बसतील.