कौतुक वरून खाली येतं

प्रश्न : आदर, मान, श्रद्धा, कौतुक हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर काय बिघडतं? ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होत आहेत. भाषणात मी 'सरांच्या चिकाटीचं आम्हा सगळ्यांना कौतुक वाटतं' असं लिहिलं आहे. चालेल ना?

उत्तर :

नाही चालणार. ते वाक्य आजच बदला.

कौतुक मोठ्यांनी लहानांचं करायचं असतं. भाचीला दहावीत नव्वद टक्के मिळाले, नातू पहिल्यांदा एकटा दुकानात जाऊन दूध घेऊन आला, नव्या सुनेच्या पुरणपोळ्या एकही न फुटता उतरल्या, तर कौतुक. करणारा एक पायरी वर असतो आणि तिथून पाठीवर हात ठेवतो. ज्या माणसाकडून तुम्ही काम शिकलात त्याच्या पाठीवर तुम्ही हात ठेवणार का?

माझे वडील कोल्हापुरात एका छापखान्यात कंपोझिटर होते. 1959 ला लागले, 1993 ला निवृत्त झाले. चौतीस वर्षं उभ्याने खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले. अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण लग्नपत्रिका, मानपत्रं, निधनाची पत्रं इतकी हाताखालून गेली होती की कुठल्या माणसाला कुठला शब्द शोभतो हे त्यांना बोटांनी कळायचं. मी चौथी-पाचवीत असताना डबा घेऊन जायचे. एकदा एक गृहस्थ गावातल्या निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचं मानपत्र घेऊन आले होते. त्यात होतं, 'आम्हां ग्रामस्थांस आपले अत्यंत कौतुक वाटते.' अण्णांच्या डाव्या हातात खिळे जुळवायची पट्टी, स्टिक, होती, अर्धी ओळ जुळून झाली होती. ते थांबले आणि म्हणाले, "पाव्हणं, गुरुजींनी तुम्हाला शिकवलं का तुम्ही गुरुजींना?" गृहस्थ आधी गोंधळले, मग त्यांनी स्वतःच खिशातलं पेन काढून शब्द खोडला. अण्णांनी 'कौतुक'चे खिळे काढून खणात टाकले आणि 'आदर' बसवला, 'आपले'चं 'आपल्याविषयी' केलं, 'वाटते'चं 'वाटतो'. एक बारीक स्पेस घातली, ओळ पक्की झाली.

हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण याच माणसाच्या निरोप समारंभात काय झालं ते तुम्हाला नीट कळावं.

तोवर थोरले मालक गेले होते आणि तिशीतला मुलगा छापखाना बघत होता. कागदाच्या रिमांच्या मधली जागा मोकळी करून खुर्च्या मांडल्या. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र. मानपत्र कॉम्प्युटरवर केलेलं होतं. त्यात चौथ्या ओळीत 'आपल्या प्रामाणिक सेवेचे आम्हांस कौतुक वाटते', आणि भाषणात पुन्हा तेच : "अण्णांचं मला मनापासून कौतुक वाटतं." अण्णा खाली बघत होते. त्यांच्या मांडीवरच्या नारळाची शेंडी त्यांनी बोटांनी पिंजून काढली होती, ते मला अजून दिसतं.

घरी आल्यावर चहा घेताना एवढंच बोलले, "कौतुक केलं माझं. मी काय स्कॉलरशिपला बसलो होतो?" घड्याळ लावलं. फ्रेम लावली नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, तेव्हा म्हणाला, "शब्दाला काय धरून बसता अण्णा, भावना बघा." हे वाक्य मी गेली तीसेक वर्षं ऐकते आहे. भावना बघायची कुठून? माणूस छाती उघडून दाखवत नाही, शब्दच पुढे करतो. आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या भावनांना नेमका शब्द बसवून दिला, त्याच्या वाट्याला चुकीचा शब्द यावा?

आता बाकीचे शब्द. आदर वाटतो. तो आतून येतो, मागून मिळत नाही. मान दिला जातो, राखला जातो, आणि मुख्य म्हणजे तो मागता येतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत पहिला मान पाडळी गावच्या सासनकाठीचा, म्हणजे यात्रेत नाचवायच्या उंच मानाच्या काठीचा. तिथे कुणाला काय वाटतं हा प्रश्नच नाही, तो हक्क आहे, क्रम आहे. लग्नात रुसलेली वरमाय 'माझा मान ठेवला नाही' म्हणते, 'माझा आदर ठेवला नाही' म्हणत नाही. सन्मान हा मानाचा समारंभातला अवतार, त्याला चिन्ह लागतं, स्टेज लागतं. सत्काराला शाल-श्रीफळ.

श्रद्धेचं वेगळंच आहे. आधीच्या शब्दाला काय जोडतो ते बघा : आदर कुणा'बद्दल', कौतुक कुणा'चं', पण श्रद्धा कुणा'वर'. श्रद्धेत माणूस आपला भार दुसऱ्यावर टाकतो, हिशेब मागत नाही. सहकाऱ्यावर श्रद्धा असू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विठोबावर असावी. दरारा आणि धाक यांतही गल्लत होते. धाक समोर असताना वाटतो, दरारा माणूस यायच्या आधी पोचतो. आमच्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकांचा दरारा होता. त्यांच्या सायकलची घंटा वाजली की लोक झालेलं प्रूफ पुन्हा वाचायला घ्यायचे. त्यांना कुणी घाबरत नव्हतं. आपली चूक त्यांना दिसेल याची लाज वाटायची.

पुन्हा दादाकडे येते. शब्दात काही नसतं म्हणणाऱ्या दादाने मुलीच्या लग्नात व्याह्यांनी आपल्याला पहिल्या पंगतीला बोलावलं नाही म्हणून दोन वर्षं अबोला धरला. कारण विचारलं तर म्हणाला, "आमचा मान राखला नाही." मी तेव्हा त्याला विचारलं होतं, मग भावना का नाही बघितलीस? व्याह्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं, गर्दीत राहून गेलं होतं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मानातला आणि आदरातला फरक त्याला पुरता कळतो, फक्त दुखणं आपलं असावं लागतं. अण्णांच्या वेळी ते दुसऱ्याचं होतं. तुम्हालाही कुणी 'भावना महत्त्वाची' म्हणून भाषण तसंच ठेवायला सांगेल, तर त्याला विचारा की तुझ्या बापाला त्याच्या अर्ध्या वयाच्या माणसाने शाबासकी दिली तर चालेल का.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. कुणीतरी 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' पुढे करेल. जुन्या मराठीत कौतुक म्हणजे नवल, लीला असेही अर्थ होते, आणि त्यातला नवलाचा धागा अजून टिकून आहे. म्हणून 'या वयातही जोतिबाचा डोंगर चालत चढतात, कौतुक आहे' हे थोरांबद्दल बोललं जातं आणि कानाला खटकत नाही. बरोबरीच्या मित्राचं कौतुक तर खुशाल करा. दुसरं, ते धाकटे मालक वाईट नव्हते. अण्णांचा पैसा न पैसा त्यांनी महिन्याच्या आत दिला, आईच्या ऑपरेशनच्या वेळी न सांगता दवाखान्यात आले. त्यांच्या मनात आदरच होता हे मला माहीत आहे, अण्णांनाही माहीत असणार. पण म्हणूनच जास्त लागलं. मनात आदर असलेल्या माणसाला आदर म्हणता येऊ नये?

तुमच्या भाषणात 'सरांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे' असं लिहाल तर चुकणार नाही, पण 'नितांत'ला काही अर्थ उरलेला नाही, सगळेच लिहितात. त्यापेक्षा असं काही बघा : 'तिमाहीचा हिशेब जुळत नसला की सर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचे. ते बघून मी दुसऱ्यांदा तपासायला शिकलो.' हिशेबाच्या जागी त्यांचं खरं काम घाला. आणि कागद आदल्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचून दाखवा.