वाचक विचारतात : पॅनेल विकायचे नव्हते, मग आले कशाला?

प्रश्न : मागच्या महिन्यात आमच्या गावात दोन मुलं आणि एक मुलगी येऊन गेली. ओलिताची मोटर किती तास चालते, लाइन दिवसा असते की रात्री, वावरात रात्री कोण जातं, असं घरोघरी विचारलं. बिलाचे फोटो काढले. ‘आम्ही थिंक टँकवाले, स्वच्छ ऊर्जेचा अभ्यास करतो’ म्हणाले. पॅनेल विकले नाहीत, फॉर्म भरून घेतला नाही, देणगीही मागितली नाही. आता कोणी म्हणतं कंपनीचे दलाल, कोणी म्हणतं जमीन हेरायला आले. मी ग्रामपंचायत सदस्य, म्हणून लोक मलाच धरतात. यांचं काम काय? पगार कोण देतं?
– एक वाचक भगिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : ताई, नमस्कार. फुकट सल्ला देणाऱ्यानं शेवटी काहीतरी गळ्यात मारलेलं आपण इतक्यांदा पाहिलं आहे, की काहीच न विकणारा माणूस जास्त संशयी वाटतो. पण असे लोक असतात. माझी उभी नोकरी वीज खात्यात गेली. ही मंडळी मला समोरच्या बाजूला भेटायची, दरवाढीच्या सुनावणीत.

थिंक टँक म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करून मत मांडणारी संस्था. त्यांचं मुख्य काम कागद वाचायचं. वीज कंपनी दरवाढ मागते तेव्हा विजेचे दर ठरवणाऱ्या राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे शेकडो पानांचा प्रस्ताव टाकते. तुम्ही-मी तो उघडत नाही. हे उघडतात, आकडेमोड पुन्हा करतात आणि खटकलं ते आयोगापुढं लेखी मांडतात. पुण्याची ‘प्रयास’ ही त्यातली जुनी संस्था, १९९४ची. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाची वीज आपल्याला झेपणार नाही, हे त्यांनी करारातली कलमं आणि भाव तपासून सांगितलं होतं. २००१मध्ये तो प्रकल्प बंदच पडला. पुढं आयोगानं ग्राहकांच्या वतीनं बोलायला ज्या संस्था नेमल्या त्यात प्रयास आहे, मुंबई ग्राहक पंचायत आहे आणि आपल्या नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनही आहे.

आता ती मुलं मोटरचे तास का विचारत होती ते सांगतो. पाच एचपीची मोटर तासाला साधारण चार-साडेचार युनिट खाते. ज्या पंपांना मीटर नाही, त्यांचा वापर अंदाजानं धरतात. हा अंदाज फुगवून गळती आणि चोरी कास्तकाराच्या नावावर खपवली जाते, हा आक्षेप फार जुना आहे. तुमच्या गावातली मोटर खरोखर किती तास चालली हे कोणी टिपून ठेवलं, तरच त्या अंदाजाला हात घालता येतो. नाहीतर आपण पारावर बसून शिव्या देतो, तेवढंच.

स्वच्छ ऊर्जेचा संबंधही इथंच आहे. गावठाणाची लाइन वेगळी आणि शेतीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वाहिनी, वेगळा करायचा, उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प बसवून तो फीडर दिवसा चालवायचा. वावरात पॅनेल नको, मोटर तीच राहते. अशा संस्थांनी ही कल्पना लावून धरली होती. २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली तेव्हा पहिल्या दोन ठिकाणांत राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी होतं. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन धुऱ्यानं चालायचं, एका हातात काठी, कानात रानडुकराची चाहूल. हे ज्यानं केलं त्याला दिवसाच्या लाइनची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. जमीन हेरायची भीती याच प्रकल्पांमुळं उठली असावी. पण त्याची जमीन भाडेपट्ट्यानं घेतात, तेही रीतसर अर्ज आणि करार करून. प्रश्नावली भरून कोणाचं वावर जात नाही.

त्यांची उणीवही सांगतो. तास विचारतात, व्होल्टेज विचारत नाहीत. स्टार्टरवरचा काटा ४१५ व्होल्टच्या जागी ३२०वर थरथरत असतो, मोटर नुसती घुमते, उचलत नाही, आणि थोड्या वेळानं वाइंडिंगचं व्हार्निश जळल्याचा वास येतो. कागदावर तेवढा वेळ ‘पुरवठा सुरू’ म्हणूनच धरला जातो! दुसरं, दिवसा मुबलक वीज मिळाली की उपसाही वाढतो. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर किती खोल गेले, हे सौर फीडरचं कौतुक करणाऱ्यानं आधी पाहावं. आणि चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रावर, वणी-घुग्घुसच्या खाणींवर ज्यांची चूल पेटते, कोळसा मागं पडला तर त्यांचं पुढं काय, हे विचारलं की यातले काही जण गडबडतात. विचाराच.

पैशाचं म्हणाल तर बहुतेक धर्मादाय प्रतिष्ठानांच्या अनुदानावर चालतात. काही देशी, काही परदेशी. परदेशी पैसा घ्यायचा तर केंद्राच्या गृह खात्याकडे नोंदणी लागते आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. त्यांना सरळ विचारा, नोंदणी क्रमांक काय आणि या अभ्यासाला पैसा कोणाचा. चांगली संस्था कपाळाला आठी न घालता सांगते. सौर कंपनीचा पैसा असेल, तर अहवाल वाचताना ते लक्षात ठेवायचं.

बिलाचा फोटो दिला त्यात फारसं बिघडलं नाही. आधार, ओटीपी, अंगठा मात्र कोणालाही नाही, अभ्यास असो की आणखी काही.

पुढच्या वेळी ती मुलं आली तर ग्रामपंचायतीत बसवा, चहा द्या. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती मोटरी आहेत, लाइन कधी येते-जाते, व्होल्टेज किती, हे एखाद्या पोरानं महिनाभर वहीत उतरवलं तर त्याची प्रत त्यांना द्या. अट एकच, अहवाल मराठीत पंचायतीला मिळाला पाहिजे. दरवाढीवर आयोग हरकती मागवतो तेव्हा वृत्तपत्रांत जाहिरात येते. हरकत कोणीही पाठवू शकतो, वकील लागत नाही. तीच वही जोडून पंचायतीच्या लेटरहेडवर पाठवून द्या.