गोळी सोडायचीय? घाई करू नका

बरं वाटतंय म्हणून उद्यापासून नैराश्यावरची गोळी बंद, असं कृपा करून करू नका. आधी डॉक्टरांशी बोला आणि डोस कसा उतरवायचा ते लिहून घ्या. यातली पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून ती सोडताना त्रास जास्त होतो; फ्लुओक्सेटिन बराच काळ रेंगाळतं, ते तुलनेने सोपं जातं. स्वतःच्या मनाने दिवसाआड घेऊ नका, रक्तातलं प्रमाण सारखं वरखाली होतं.

नजर वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, उगाच येणारं रडू... मीही यातून गेलोय. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच हे सुरू झालं तर बहुधा ते औषध सुटण्याचं लक्षण असतं. जुना आजार सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू डोकं वर काढतो. म्हणून तारीख, डोस, झोप वहीत टिपत जा. त्रास सोसवेना तर आधीच्या डोसवर परत जायचं का, हे डॉक्टरांना विचारा. त्यात कमीपणा नाही. शेवटचे मिलिग्रॅम सगळ्यात चिवट असतात, तिथे पावलं आणखी लहान हवीत.

जीव नकोसा वाटू लागला तर क्षणभरही थांबू नका. घरच्यांना उठवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो चोवीस तास सुरू असतो.