डिसेंबरात येऊ नका

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही तुला अगं-तुगं करते. अंबाजोगाईहून इथं ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या एका लहान गावात येताय, नवऱ्याला १ डिसेंबरला रुजू व्हायचंय, लेक तिसरीत आहे आणि तू विचारतेस, तिथं माणसं मिळतात का, मैत्री होते का. व्हिसा, त्याचे पॉइंट, बँक हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत नाही. तुझा प्रश्न वाचल्यापासून मला नीट झोप नाही, म्हणून लिहितेय.

आधी हे ऐक: जमलं तर कंपनीकडून जानेवारीअखेरची तारीख मागून घ्या.

मी उदगीरची, नर्सिंग लातूरला केलं. आम्ही २०२२ च्या नोव्हेंबरात आलो. आमचं गाव हॉर्शमपासून अर्ध्या तासावर, विमेरा भागात. चहूकडं गहू, जव आणि मसूर. डिसेंबर म्हणजे इथं ऐन सुगी, आणि ऊन आपल्या मे महिन्यासारखं. हार्वेस्टर रात्री उशिरापर्यंत चालतात. वारा-ऊन फार असलं तर आगीच्या भीतीनं बंद ठेवतात. आग विझवायला जातात तेही गावातलेच शेतकरी, दुकानदार, बिनपगारी. त्यातून उरलेला वेळ नाताळचा: कामावरचं जेवण, शाळेचं गॅदरिंग, संध्याकाळी मैदानावर कॅरल. रस्त्यात भेटेल तो हसून बोलतो, पण सगळ्यांचे बेत दोन महिने आधीच ठरलेले असतात. २० तारखेनंतर जो तो आपापल्या आईबापाकडं जातो, आणि जानेवारी संपेपर्यंत शाळा बंद. नव्या लेकराला सहा आठवडे खेळायला कुणी नाही.

शाळेचं अजून सलतं. इथलं वर्ष डिसेंबरात संपतं, त्यामुळं माझ्या आठ वर्षांच्या लेकीला वर्ग मिळाला तो जेमतेम चार आठवडे. गॅदरिंगची तालीम आधीच झालेली. बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं, हातात पुठ्ठ्याचा तारा दिला आणि नुसते ओठ हलव म्हणाल्या. पोरीनं ते गाणं चार दिवसांत पाठ केलं होतं. त्या रात्री घरी येऊन तिनं स्वयंपाकघरात उभं राहून, तारा हातात धरून, मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बोलायला पाहिजे होतं. उदगीरला असते तर बाईंच्या घरी गेले असते. इथं नवीन आहोत, कशाला तोंड उघडायचं, म्हणून गप्प बसले. लेक आता अकरा वर्षांची आहे, ती विसरली असेल. तुझ्या लेकीचं असं काही झालं तर त्याच आठवड्यात शाळेत जा. पालकांनी विचारलेलं इथं चालतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

कागदांचं थोडं सांगते, कारण हे कुठं लिहिलेलं नसतं. माझा जन्म १९८० चा, दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, म्हणून टी.सी.वर जिल्हा लातूर. २०२३ ला उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यात लग्नात माझं नाव बदललेलं. डिग्री माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. हे सगळे कागद एकाच बाईचे आहेत हे पटवण्यात सात महिने गेले. दर वेळी नवा माणूस आणि तोच प्रश्न. तिसऱ्यांदा उत्तर लिहिताना मी रात्री एक वाजता रडले होते. मी कोण हे मलाच सिद्ध करायला लावतात असं वाटायचं. भावाला नगरपरिषदेत किती चकरा पडल्या, ते त्यालाच ठाऊक. तुझंही नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र निघायच्या आधी करून ठेव.

आता मैत्रीचं. येळवस, म्हणजे आपली वेळ अमावस्या, तुला माहीत आहे. त्या दिवशी उदगीरचा बाजार ओस पडतो, सगळं गाव वावरात. मी दरवर्षी माझ्या मैत्रिणीच्या वावरात जायची. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे, आंबील शिंपडायची, मग ओल्या शेंगा-हरभऱ्याची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं. २०२२ ला येळवस २३ डिसेंबरला आली. मी बारा जणांना बोलावलं. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा कुठला मिळायला. फ्रोजन वाटाण्यावर भज्जी केली. बाजरीचं पीठ मेलबर्नहून मागवलं होतं. घरामागच्या हिरवळीवर चादरी अंथरल्या. अकरा जणांचे फार गोड निरोप आले: सुगी चालू आहे, आईकडं निघालोय.

आली ती फक्त शेजारची म्हातारी. आल्या आल्या तिनं विचारलं, किती वाजता संपतं? माझ्या काळजात चर्र झालं. पण गुडघे दुखत असताना ती खुर्ची नको म्हणून चादरीवर बसली. वाटीभर आंबील प्यायली, दुसरी मागून घेतली. उठताना तिला आम्ही दोघांनी धरून उठवलं. दुसऱ्या दिवशी दारात तिच्या झाडाच्या जर्दाळूंचा डबा होता.

येळवशीच्याच संध्याकाळी उदगीरच्या मैत्रिणीचा फोन आला होता. मागं लेकरांचा कालवा, कुणीतरी ओरडतंय, ‘ये की माय भज्जी खायला!’ तिनं विचारलं, किती जण आले? मी म्हणाले, बाराच्या बारा. तेव्हापासून ती दरवर्षी त्या बाराजणांची चौकशी करते आणि मी दरवर्षी काहीतरी सांगते. तीस वर्षांच्या मैत्रीत मी तिच्याशी एवढीच एक गोष्ट खोटी बोलले, आणि ती अजून चालू आहे.

मैत्री होत नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या डिसेंबरात ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात वीज पडून वणवा लागला, धुरानं आकाश पिवळं झालं. ज्यांच्याशी मी कधी दोन वाक्यंही बोलले नव्हते, ती माणसं दारात येऊन विचारून गेली, गाडीत पेट्रोल आहे का, निघायची वेळ आली तर जाल कुठं. ही माणसं संकटात धावून येतात. पण दुपारी सहज येऊन ओट्यावर बसून भाजी निवडू लागणारं कुणी मला अजून भेटलं नाही, आणि मला तेच पाहिजे.

यंदा, २०२५ ला, येळवस १९ डिसेंबरला आहे. म्हातारीनं स्वतःहून विचारलं, ते आंबट पेय करायचा दिवस कधी? ती येईल. मैत्रिणीचा फोनही येईल. तिला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. कंपनीनं तारीख नाहीच बदलली तर १९ ला तुम्ही तिघं आमच्याकडं या. कुठल्या गावात उतरताय ते कळव. चार तासांच्या आत असेल तर मीच गाडी घेऊन न्यायला येते.